‘आऊटकास्ट’ या शब्दाचा पीळ

२६ जूनला शाहू जयंती. चौकात लावायला आमच्या पोरांनी एक फलक रंगवला. त्यावर माझ्या कवितेचं नाव, टपोऱ्या अक्षरात : ‘आऊटकास्ट’. मी खूश होतो. इंग्रजी शब्द, धारदार शब्द, आपला संताप एका दमात सांगणारा शब्द. रंग वाळत होता तेवढ्यात वस्तीतले एक जुने गिरणी कामगार काठी टेकत आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो.

‘‘काय लिवलंय रं?’’

‘‘आबा, इंग्रजी शब्द हाय. जातीबाहेर टाकलेला, असा अर्थ.’’

‘‘म्हंजे कोण?’’

‘‘आपणच की.’’

आबा जरा वेळ फलकाकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘मग मला सांग पोरा, आपल्याला आत घेतलं हुतं कवा, की बाहेर टाकायला?’’

मला उत्तर आलं नाही. पोरं हसली. मी हसलो नाही. जो शब्द मी स्वतःच्या कपाळावर लिहून मिरवतोय, तो शब्द कुणी घडवला, कशापासून घडवला, हे मला ठाऊकच नव्हतं. बाबासाहेबांचं नाव घ्यायचं आणि शब्द मात्र न तपासता वापरायचा, हे काही खरं नाही. म्हणून मी शोध घेतला. तो शोध तुमच्यापुढं ठेवतोय.

मी सूतगिरणीत डबलिंग खात्यात आहे. एकेरी दोन धागे घ्यायचे, एकत्र पिळायचे, दुहेरी सूत तयार करायचं. लांबून बघणाऱ्याला ते एकच सूत दिसतं. पण चिमटीत धरून उलटा पीळ दिला की दोन धागे सुटे होतात. आणि कधी कधी कळतं की दोन धागे दोन वेगळ्या घाणीचे आहेत. इंग्रजीतला जोडशब्द असाच उलट पिळून बघावा लागतो.

पहिला धागा. इंग्रजीत ‘आऊटकास्ट’ हा शब्द फार जुना आहे, इसवी सन १३०० च्या आसपासचा. तेव्हा इंग्रजांना आपली जात ठाऊक नव्हती. आऊट म्हणजे बाहेर. कास्ट म्हणजे फेकलेला. हे ‘कास्ट’ इंग्लंडवर चालून आलेल्या उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या भाषेतून आलं. त्यांच्यात ‘कास्टा’ म्हणजे फेकणे. जाळं फेकणे, दगड फेकणे, तसंच. म्हणजे आऊटकास्ट हा सरळ साधा शब्द : बाहेर फेकलेला माणूस. इंग्रजी बायबलची १६११ सालची जी प्रसिद्ध प्रत आहे, तिच्यात इस्राएलच्या परागंदा लोकांना हाच शब्द लावलाय. त्यांना देव पुन्हा गोळा करील, अशी तिथं आशा आहे. हे ध्यानात ठेवा. त्या शब्दात फेकणं आहे, तसं परत येणंही आहे. ज्याला घर होतं त्यालाच घराबाहेर फेकता येतं. आमच्या कोल्हापुरात १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आले, त्यांच्या देशाच्या बायबलात हा शब्द होताच.

दुसरा धागा. ‘कास्ट’ म्हणजे जात. हा शब्द इंग्रजांचा नव्हे, पोर्तुगीजांचा. त्यांच्यात ‘कास्टा’ म्हणजे वंश, कूळ, जनावराची पैदास. बहुतेक कोश त्याचं मूळ लॅटिन ‘कास्टुस’ या शब्दात दाखवतात, म्हणजे शुद्ध, निर्मळ, न भेसळलेला. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. इथली माणसं बघितली आणि घरून आणलेला शब्द त्यांच्यावर चिकटवला. गार्सिया द ओर्टा नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यातही हा शब्द आहे, आणि कुणाच्या संदर्भात? चांभारांच्या. इथं कुणी बापाचा धंदा सोडत नाही, अशा अर्थाचं तो लिहितो.

आता या वैद्याचं पुढं काय झालं ते ऐका. तो मूळचा यहुदी घराण्यातला. धर्म बदललेला. तो मेल्यावर, लपून यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्याच्या इन्क्विझिशननं १५८० साली त्याची हाडं उकरून जाळली. ज्या मुलखात माणसाचं रक्त शुद्ध की भेसळीचं हे तपासायचे, त्या मुलखाचा हा शब्द. मनूच्या मुलखात त्याला बरोबर जागा सापडली. आपल्याकडं शुद्धाशुद्धतेचा बाजार आधीच मांडलेला होता; पोर्तुगीजांनी त्याला फक्त पाटी लावली. म्हणून कुणी म्हणालं की जात ही परक्यांनी आणली, तर त्याला सांगा, शब्द परक्यांनी आणला, जात नव्हे. पाटी नवी, दुकान जुनं.

आता पीळ कसा बसला ते बघा. इंग्रजांनी पोर्तुगीजांकडून ‘कास्ट’ घेतला. बरीच वर्षं ते तो शेवटच्या ‘ई’शिवाय लिहीत. म्हणजे ‘फेकणे’ आणि ‘जात’ दोन्ही कागदावर सारखेच दिसायचे. जातीच्या शब्दाला शेवटी ‘ई’ लावायची रीत फ्रेंचांच्या वळणानं १८०० च्या पुढं रुळली. मग एकोणिसाव्या शतकात त्यांनी जुन्या ‘आऊटकास्ट’लाही ‘ई’ लावून नवा शब्द केला. उच्चार तोच, अर्थ दुसरा. ‘बाहेर फेकलेला’चा झाला ‘जातीबाहेरचा’. उत्तरेकडच्या थंड समुद्रावरचा ‘फेकणे’ आणि लॅटिनमधला ‘शुद्ध’, यांचं एकमेकांशी काही नातं नाही. पण आपल्या माणसाच्या अंगावर दोघं एकत्र पिळले गेले.

आणि याच पिळात आबांचा प्रश्न अडकलाय.

मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. एक, वाळीत टाकणे. दुसरा, गावकुसाबाहेरचा. वाळीत कुणाला टाकतात? जो जातीत आहे त्याला. जातपंचायत त्याचं पाणी तोडते, पंगत तोडते, सोयरीक तोडते. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक वगैरे मंडळी गेली, चहा पुढं आला, आणि त्यावरून मोठं ग्रामण्य झालं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं. शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं आणि मामला मिटला. हा खरा ‘ई’वाला आऊटकास्ट. त्याला दार होतं. दार लागलं. प्रायश्चित्त घेतलं, दार उघडलं.

इंग्रज सरकारनं १८५० साली २१ नंबरचा कायदा केला. जातीतून काढला म्हणून किंवा धर्म बदलला म्हणून माणसाचा वारसाहक्क जाणार नाही, असा. चांगला कायदा. पण तो कुणाच्या उपयोगाचा? ज्याच्या बापाकडं वारसा म्हणून काही होतं त्याच्या. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानं १९४९ साली बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला, तो १९६२ साली सुप्रीम कोर्टानं रद्द ठरवला. महाराष्ट्रानं २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकलेल्याचं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. जातपंचायतीनं आयुष्य नासवलेली माणसं आजही आहेत.

पण आपण कुठल्या जातीतून वाळीत पडलो? आपल्याला कुठलं प्रायश्चित्त आहे? प्रायश्चित्ताला आधी पाप लागतं. आपलं पाप एकच, जन्म. त्याला शास्त्रात प्रायश्चित्त नाही. ज्याला दारच नव्हतं त्याला ‘दाराबाहेर काढलेला’ म्हणणं म्हणजे एके काळी तो आत होता, काहीतरी चुकला म्हणून बाहेर गेला, असं सुचवणं. इंग्रजी शब्दानं दोन्ही माणसं एका पोत्यात भरली.

दुसरी बाजू बघा. आपण ‘आऊट’ तरी होतो का? घर बाहेर, खरं. पण काम? मेलेलं जनावर ओढायला कोण? वेशीवर राखण करायला कोण? सारा वसुलीचा सांगावा घेऊन पाटलाच्या मागं धावायला कोण? दोन गावांच्या शिवेचा तंटा झाला की शीव कुठून जाते हे सांगायला कुणाला बोलावत? महाराला. ज्याला गावाच्या बाहेर ठेवला, त्याच्याच तोंडून गावाची हद्द ठरवायची! म्हणजे घर बाहेर आणि घाम आत. जात आपल्याला बाहेर फेकत नव्हती, दाव्यानं बांधून ठेवत होती. त्या दाव्याचं नाव वतन. आमच्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली ते महार वतन मोडलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यासाठी बिल मांडलं. बाहेर फेकलेल्या माणसाचं बंधन तोडायला कायदा कशाला लागेल?

तर दोस्तांनो, दोन्ही धागे तपासले. ‘आऊट’ खोटा, कारण आपले हात रोज आत राबत होते. ‘कास्ट’ही खोटा, कारण ती शुद्धता कुणाच्याच रक्तात नव्हती. दोन खोटे धागे एकत्र पिळले आणि त्या सुतानं आपल्याला बांधलं.

सरकारी कागदावर दुसरे जोडशब्द आले. २६ जुलै १९०२ ला करवीरच्या गॅझेटात शाहू महाराजांचा हुकूम निघाला, रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना. इंग्रजीत ‘बॅकवर्ड क्लासेस’. बॅक म्हणजे पाठ, वर्ड म्हणजे त्या बाजूला. पण महाराजांनी व्याख्या कशी केली बघा. मागासलेले कोण, याची यादी दिली नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि असेच पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सगळे, असं म्हटलं. म्हणजे बोट खाली दाखवलं नाही, वर दाखवलं. पुढं कोण जाऊन बसलंय ते आधी सांगा, मग मागं कोण ते आपोआप कळतं. एका शब्दाची व्याख्या करायची ही रीत मला फार मोठी वाटते.

१९०६ साली विठ्ठल रामजी शिंद्यांनी मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ काढलं. डिप्रेस्ड म्हणजे खाली दाबलेले. १९३१ च्या गोलमेज परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी हे नाव बदला म्हणून मागणी केली. ‘नॉन-कास्ट हिंदू’, ‘प्रोटेस्टंट हिंदू’ अशी नावं सुचवली. ऐका : दबलेला नव्हे, जात न मानणारा. विरोध करणारा. दया नको, भूमिका पाहिजे. त्याच १९३१ च्या खानेसुमारीत हटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ‘एक्स्टीरिअर कास्ट्स’ असा शब्द काढला. पुन्हा तेच, बाहेरचे. मग १९३५ च्या कायद्यानं ‘शेड्यूल्ड कास्ट’ आलं. शेड्यूल म्हणजे मुळात कागदाची चिठ्ठी. ‘आऊट’ गेलं, ‘शेड्यूल्ड’ आलं, ‘कास्ट’ तिथंच. त्या चिठ्ठीनं आपल्याला शाळा दिली, नोकरी दिली, ती आपण सोडणार नाही. पण १९५६ साली बाबासाहेबांबरोबर जे जातीतून खरोखर बाहेर पडले, बौद्ध झाले, त्यांची नावं केंद्राच्या त्या चिठ्ठीत नव्हती. त्यासाठी १९९० साल उजाडावं लागलं. जातीत राहिलात तर नाव, बाहेर गेलात तर खोडलं. याहून मोठा विनोद कुठला?

आता आपल्या माणसांनी काय शब्द घेतला? आमच्या कोल्हापूर संस्थानात, कागल जहागिरीतल्या माणगावला, २१ आणि २२ मार्च १९२० ला परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब, वय अठ्ठावीस. शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असं सांगून गेले. त्या परिषदेच्या नावात शब्द होता ‘बहिष्कृत’. १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा. ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’.

हाही जोडशब्दच. बहिस् म्हणजे बाहेर, कृत म्हणजे केलेला. ‘अस्पृश्य’ या शब्दाशी ताडून बघा. अस्पृश्य म्हणजे शिवू नये असा. जणू दोष त्याच्याच अंगात आहे. शिवणारा, न शिवणारा दोघंही गायब. पण ‘कृत’ म्हटलं की प्रश्न येतोच, कुणी केला? तिथं कर्ता लपून बसलाय, त्याला हाताला धरून बाहेर काढता येतं. आणि बाहेर कशाच्या केला? जातीच्या नव्हे. पाण्याच्या बाहेर, शाळेच्या बाहेर, रस्त्याच्या बाहेर, अक्षराच्या बाहेर. चवदार तळ्याचा सत्याग्रह त्याच १९२७ सालचा, २० मार्चचा. बाबासाहेबांनी हा शब्द रडायला घेतला नव्हता, फिर्याद मांडायला घेतला होता.

पुढं फेब्रुवारी १९३३ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’ साप्ताहिक काढलं. पहिल्या अंकासाठी बाबासाहेबांकडं संदेश मागितला. बाबासाहेबांनी संदेश दिला नाही, निवेदन दिलं. त्यात त्यांनी नेमका ‘आऊटकास्ट’ हा शब्द धरला. त्याचा भावार्थ असा : जातिबाह्य माणूस हे जातीच्या कारखान्यातून निघालेलं उत्पादन आहे, जाती आहेत तोवर तो राहणारच, जाती मोडल्याशिवाय त्याची सुटका नाही. तिकडं हरि आणि जन जोडून गोड शब्द तयार होत होता, इकडं बाबासाहेब जोडशब्दाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर घाव घालत होते. कारण ‘आऊट’ हा ‘कास्ट’चा आधार घेऊन उभा आहे. ‘कास्ट’ काढा, ‘आऊट’ला उभं राहायला जागाच नाही.

१९४८ साली त्यांनी अस्पृश्यांच्या मुळावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांचा शब्द आहे ‘ब्रोकन मेन’, फुटलेली, विखुरलेली माणसं. लढाईत टोळ्या मोडल्या, मोडलेल्या टोळ्यांची माणसं दुसऱ्यांच्या गावाच्या कडेला राखणीला राहिली. अस्पृश्यता त्यांच्यावर नंतर लादली गेली. म्हणजे आधी अस्पृश्य आणि म्हणून गावाबाहेर, असं नव्हे. पुराव्यासाठी ते आयर्लंड आणि वेल्सपर्यंत गेले. वेल्समध्ये अशा कडेला राहणाऱ्यांना ‘आल्टुड’ म्हणत. तोही जोडशब्द, परक्या मुलखाचा माणूस. पण तिथं काही पिढ्यांत ती माणसं गावात मिसळून गेली. इथं मिसळली नाहीत. का? तिथं मध्ये धर्म आडवा आला नाही, इथं आला. आबांचा प्रश्न बाबासाहेबांनी १९४८ सालीच सोडवून ठेवला होता. मीच वाचला नव्हता.

‘ब्रोकन’चं मराठी काय? दलित. दळलेला, फोडलेला. १९७२ साली पँथरनं तो शब्द छातीवर लावला. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती खात्यानं वाहिन्यांना सांगितलं, हा शब्द टाळा, ‘शेड्यूल्ड कास्ट’ म्हणा. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचं ठरवलं. नाव बदलावं, जरूर बदलावं. पण पाटी बदलली आणि विहीर तशीच राहिली, तर ती फक्त रंगाची डबी झाली.

मग हा शब्द वापरायचा की नाही? मला वाटतं वापरायचा, पण पीळ उलगडून. इंग्रजीत लिहिणाऱ्या पोरापोरींनी एवढं तरी करावं : शेवटचा ‘ई’ लिहायच्या आधी थांबावं. ‘ई’शिवायच्या शब्दात फेकणं आहे, म्हणजे फेकणारा आहे. ‘ई’ लावलात की फेकणारा पळून जातो आणि शुद्धता तेवढी मागं उरते. आणि कुठलाच शब्द कायमचं घर समजू नये. बाबासाहेबांच्या पत्रांची नावं ओळीनं म्हणून बघा : मूकनायक, बहिष्कृत भारत, जनता, प्रबुद्ध भारत. मुक्यापासून जागे झालेल्यापर्यंत छत्तीस वर्षांचा रस्ता आहे. ‘बहिष्कृत’ हा त्यातला थांबा, मुक्काम नव्हे. येवल्याला १९३५ साली त्यांनी सांगितलं आणि नागपूरला १९५६ साली करून दाखवलं. फेकले गेलो नाही, आपल्या पायांनी निघालो. त्या ‘बाहेर’ पडण्याला इंग्रजीत शब्द असेल नसेल, आपल्याकडं तारीख आहे. १४ ऑक्टोबर.

एक काम सांगतो. प्रत्येकानं आपल्या गावातल्या विहिरींची, वाड्यांची, पाणंदींची जुनी नावं म्हाताऱ्यांकडून लिहून घ्या. कुणी कुणाला काय हाक मारत होतं, तेही लिहा. शिव्यासुद्धा लिहा. हा आपला इतिहास आहे आणि तो कुठल्या गॅझेटात छापलेला नाही. आबांसारखी माणसं आहेत तोवर तो आहे.

फलक आम्ही पुसला नाही. ‘आऊटकास्ट’च्या खाली दोन ओळी वाढवल्या : ‘पाण्याबाहेर, शाळेबाहेर, रस्त्याबाहेर. कुणी टाकलं?’

आबांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. ऐकलं आणि म्हणाले, ‘‘आता बराबर. आता उत्तर त्यास्नी द्यावं लागंल.’’

जय भीम.